नरम कराले दिलेलं धोतर

आमच्या दोघांचं शेवटचं काम धोतर फाडाचं होतं.

सकाळचा चहा झाला. तिनं कपबशा विसळल्या, पदराले हात पुसले अन् आतल्या खोलीतून आवाज दिला, "अवो, या. टोक धरा."

मी गेलो, टोक धरलं. ती खाटेवर बसली. धोतराच्या काठाले दातानं एक चीर पाडली. दात शेवटपर्यंत तिचे स्वतःचे होते अन् त्याची तिले भारी घमेंड होती. मग मी माझ्याकडे ओढलं, तिनं तिच्याकडे. टर्रर्र. कापड सरळ रेषेत फाटत गेलं, कोणी पट्टी धरून ठेवल्यासारखं.

नवीन माणूस आला की विचारे, "बाई, घरात कात्री नाही का?"

"आहे नं. कात्री धागा कापते, मंग तो लेकराले टोचते. फाडलं का धागा आपल्या वाटेनं जाते."

"मंग काकाजीले कायले उठवता?"

"एकट्यानं फाडलं का वाकडं जाते."

त्या दिवशी अर्धं धोतर फाडून झालं अन् ती थांबली. म्हणाली, "हात भरून आले. बाकीचं उद्या." फाडलेले तुकडे तिनं बादलीत भिजत टाकले. उरलेलं अर्धं धोतर घडी करून खाटेच्या उशाशी ठेवलं. मग ट्रंकेतून एक कोरं धोतर काढलं. खळ दिलेलं, पुठ्ठ्यासारखं उभं राहणारं. ते खुंटीवर टांगलं.

"उद्यापासून हे नेसा."

"मी नाही नेसत. मी आता पायजमा घालणार. पूर्‍या वस्तीत धोतरवाला मी एकटा उरलो. पोट्टे हासतात."

"हासू द्या. तुम्ही नरम करा."

हे 'नरम करा' मी जन्मभर ऐकलं. लोकांच्या बायका नवर्‍याले म्हणतात लवकर या, भाजी आणा, पिऊ नका. माझी म्हणे, नरम करा.

अनसूया माझी बायको. वस्तीत तिले कोणी नावानं ओळखत नसे, सगळे बाई म्हणत. नागपुरात जरीपटक्याच्या अलीकडे आमचं घर. त्याच्या पुढच्या दोन खोल्यांत तिनं वर्षानुवर्षं बाळंतपणाचा दवाखाना चालवला. तीन खाटा, एक मोरी, पाणी तापवाचा एक बंब, अन् ती. सरकारी दवाखान्यात नर्सचं, सुईणपणाचं शिक्षण घेतलेलं होतं, तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावला होता. मी चवथी शिकलेला. मले तो इंग्रजी कागद वाचता येत नसे, पण त्याच्यावरची धूळ रोज मीच पुसे.

तिचं एक ठाम मत होतं. जन्मलेल्या लेकराच्या आंगाले पहिलं कापड कोरं लागाले नको. जुनं, सुती, माणसानं नेसून-धुऊन मऊ झालेलं पाहिजे. हे काही तिचं एकटीचं म्हणणं नाही, आपल्याकडे सगळ्याच घरी आजीचं लुगडं, आजोबाचं धोतर लेकरासाठी काढतात. पण बाकीचे लोक जुनं होण्याची वाट पाहतात. ही बाई जुनं तयार करे. हातमागाचं कोरं धोतर आणे अन् माझ्यावर चढवे.

"एक उन्हाळा, एक पावसाळा, एक थंडी माणसाच्या आंगावरून गेली पाहिजे," ती म्हणे. "मंग ते कापड होते. तोवर नुसतं सूत."

म्हणजे सुरुवातीचे महिने धोतर माझी चामडी सोले. मग हळूहळू ते मऊ होत जाये. अन् ज्या दिवशी मले ते गोड लागाले लागे, नेमकं त्याच दिवशी ती येऊन दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहे अन् म्हणे, "झालं. सोडा." एकदा पाहुणे बसले होते तेव्हाच तिनं चिमटी घेतली. "झालं. सोडा." पाहुण्यांना वाटलं आमच्यात काही तरी पेटलं. अर्धा चहा टाकून गेले बिचारे.

मी कळमन्याच्या धान्य बाजारात मापारी होतो. तूर, गहू, चणा, सगळं मोजलं. दिवसभर पोत्यावर बसणं, पोत्यावरून उठणं. बाकीच्यांच्या बायका बोंबलत की कपडे काहून झिजवून आणता. माझी खुश. "पोत्यावर बसत जा," म्हणे. "खुर्चीवर नका बसू, लवकर नरम होत नाही."

हिशोब असा, की अर्ध्या वस्तीनं आयुष्यातलं पहिलं मुतणं माझ्या धोतरात केलं. आज त्यातला कोणी कचेरीत क्लार्क आहे, कोणी ट्रक चालवतो, एकीनं ब्युटी पार्लर टाकलं. रस्त्यात भेटले की "काकाजी, रामराम" म्हणतात. मी रामराम करतो अन् मनात म्हणतो, हव बापू, तुले ओळखतो.

बाईच्या राज्यात काही कायदे होते. बाळंतीण आली की दारातच तिले पहिलं वाक्य ऐकू येये, "चप्पल बाहेर काढ, अन् लाज तिच्यासंगंच ठेव. जाताना दोन्ही घेऊन जाजो." आत मग ओरडाची पूर्ण मुभा. "बोंबल पोरी, मोकळी बोंबल. नवर्‍याले शिव्या दे. तो बाहेरच हाय, त्याले ऐकू गेल्या पाहिजे." अन् जातही ऐकू. बाहेर ओसरीवर बसून मी कितीक घरच्या भानगडी अशा ऐकल्या की सांगाची सोय नाही.

त्या नवर्‍यांचं ती काय करे? काम देये. "रिकामा बाप दार वाजवते," हे तिचं मत. त्यामुळे कोणी आला की त्याच्यासमोर सूप अन् तुरीची डाळ. निवडा. कन्हानच्या कोळसा खाणीतला एक आडदांड माणूस होता, हात हे एवढाले. त्याच्या बायकोले फार वेळ लागला. त्यानं आमच्या घरची डाळ निवडली, तांदूळ निवडला, मग शेजारणीचे गहू मागून आणून दिले, तेही निवडले. पोरगं झालं तेव्हा तो सूप सोडेना. "थांबा बाई," म्हणे, "एवढे खडे काढतो मंग पाहातो." आमच्या वस्तीतल्या माणसांना डाळ निवडता येते, हे नागपुरात दुसरीकडे कुठं पाहाले भेटणार नाही.

दुसरं तिचं येड नखांचं. कोणी भेटलं की नमस्काराआधी नखं पाहे. पाहुण्याची, पोस्टमनची, सत्यनारायणाले आलेल्या भटजीची. निवडणुकीले उभा असलेला एक जण मागं पन्नास माणसं घेऊन हात जोडत आमच्या दारात आला. तिनं त्याचे जोडलेले हात उघडले, उलटे केले, पाहिले.

"आधी नखं काप, भाऊ. मंग हात जोड."

पन्नास माणसं हासली. तो पडला निवडणुकीत. नखांमुळे पडला असं ती शेवटपर्यंत सांगे.

स्वतःवर तिचा भरोसा दगडासारखा होता. पण त्याले हद्द होती. पोटाले हात लावून पाहे अन् कधी कधी म्हणे, "हे माझं नाही, हे मोठ्या दवाखान्याचं." मग एक शब्द जास्त नाही. रिक्षा दारात उभी, मागं ती स्वतः बसलेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणत, "अनसूयाबाईनं पाठवली म्हणजे टेबल आधी तयार करा." दोघींचं चांगलं जमे. दोघी मिळून माझ्यावर हासत.

माझ्याकडं एक काम होतं, वजनाचं. लेकरू झोळीत घालून काट्याले लावाचं अन् आकडा सांगाचा. आता आम्हा मापारी लोकांची एक रीत आहे. माप टाकताना पहिल्या मापाले आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्यांदा मी सवयीनं लेकराले काट्याले लावून "लाभ!" असं बाजारात ओरडतात तसं ओरडलो. बाई आतून धावत आली. मले वाटलं आता शिव्या. ती म्हणाली, "दरवेळी असंच. याच आवाजात."

काहून ते नंतर समजलं. पोरगी झाली की ओसरीवर बसलेल्या सासवांची तोंडं उतरत. अशा वेळी बाई मले खूण करे, मी लेकरू उचलून काट्याले लावे अन् पूर्‍या दमात म्हणे, "लाभ!" एक सासू चिडली. "पोरगी झाली अन् कायचा लाभ वं?" बाईनं तिची नखं पाहिली अन् तिले हात धुवाले मोरीवर पाठवून दिलं. ती परत येईपर्यंत पोरगी आजोबाच्या मांडीवर होती.

अन् एक गोष्ट मले तिची पटत नसे. लोक आपापल्या घरचं मऊ कापड घेऊन येत. इतवारीतल्या एका कापडवाल्याच्या घरची सून आली होती, तिच्यासंगं मलमलीचं असं कापड आलं की हातातून पाणी वाहावं. बाईनं ते बाजूले ठेवलं. "राहू द्या, आमच्याजवळ आहे." अन् माझं धोतर काढलं. मी म्हटलं, "काहून वं, त्यायचं मलमल काय वाईट होतं?" तर म्हणे, "तुमाले काय समजते. दगडावानी बसा." मी म्हटलं असंन घमेंड. बाईच्या घरी बाईचंच कापड.

दगडावानी बसा, हेही तिचं नेहमीचं. माझ्याविषयी चांगला शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नाही. मी रागावतही नसे, तर त्याचाही तिले राग. "बोला काही तरी! माणूस भांडाले तरी घरात पाहिजे का नाही?"

आता सुतकाची गोष्ट सांगतो, कारण पुढं ती कामाची आहे.

माझी आई गेली. वय झालं होतं. तिसरा दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं, माझं डोकं भादरलेलं, दवाखान्याच्या दाराले कुलूप. अन् सकाळीच मागच्या आळीतली सिंधू हातगाडीवर झोपवून आणलेली. पहिलटकरीण, पोट कडक झालेलं, पोरगी पांढरीफटक पडलेली. माझे मोठे काका ओसरीवर बसले होते. ते उठून उभे राहिले.

"सूनबाई, घरात सुतक आहे. परत पाठव."

बाईनं कुलूप काढलं. काढता काढता म्हणाली, "मरण घरात बसलंच आहे मामाजी, ते काही कुठं जात नाही. पोर मातर येऊन राहिलं."

मग काय, पुढच्या खोलीत सिंधू बोंबलून राहिली, मागच्या खोलीत माझ्या आत्या रडून राहिल्या. येणारा-जाणारा पाहुणा गोंधळून जाये, कोणत्या रडण्याकडं जावं. शेवटी पुढच्या खोलीतून लहान आवाज आला. अन् आत्या गप झाल्या. सगळ्या एकदम. मी तसाच, भादरलेल्या डोक्यानं, काट्याजवळ गेलो अन् म्हटलं, "लाभ." मोठे काका खाली मान घालून बसले होते, त्यांनी विचारलं, "किती भरलं?"

तो सिंधूचा नित्या. माझ्या आईच्या सुतकात, माझ्या धोतरात गुंडाळलेला. आता त्याची स्वतःची ऑटो आहे.

दवाखाना तिनं एका दिवशी बंद केला. एका बाळंतिणीची नाळ कापून झाली, अन् तिनं आपला उजवा हात समोर धरून पाहिला. बोटं जराशी हालत होती. कोणाच्या लक्षातही आलं नसतं. संध्याकाळी पाटी उतरवाले लावली. लोक म्हणाले, बाई, तुमच्यासारखा हात कुठं आहे. ती म्हणाली, "हात कापाले लागला का दुकान बंद. त्यात रडाचं काय?" रडलीही नाही. नखं कापली अन् झोपली.

पण धोतरं बंद झाली नाहीत. लेकरं मोठ्या दवाखान्यात होत, कापड आमच्या घरून जाये. कोणाच्या घरी दिवस गेले असं कानावर आलं की ती माझ्या धोतराची चिमटी घ्याले येये.

यंदा नित्याची बायको पायल पोटुशी होती. पोरगी गोड. पहिल्या वेळचं तिचं सहाव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे सासू म्हणजे सिंधू तिले फुलासारखी जपे. अमावस्येले बाहेर नाही, ग्रहणात सुईले हात नाही. पायल रोज संध्याकाळी बाईजवळ येऊन बसे. एकदा मोबाइलवर मागवलेला लेकराचा सेट घेऊन आली, पिवळा, चकचकीत, त्याच्यावर बदकं.

बाईनं चिमटी घेतली. "हे कापड आहे का रेनकोट?"

"बाई, सगळे हेच घालतात आता. अन् हे डायपर पाहा. बारा तास चालते."

"बारा तास? तुले कोणी बारा तास वल्ल्या लुगड्यात बसवलं तं चालन काय वं?"

पायल हासून हासून लोळली. मग म्हणाली, "बरं, तुम्ही फाडून ठेवा. आधी तुमचंच लावते."

"हा. वचन दे. पहिलं माझं लागन, मंग तुझी बदकं."

पायलनं हातावर हात मारला. ते धोतर आम्ही त्या सकाळी फाडत होतो.

दुपारी जेवलो. वांग्याची भाजी होती. तिनं एक मिरची जास्त टाकली होती अन् वरून मलेच म्हणाली की तुमच्या तोंडाले चव राहिली नाही. मग कूलरसमोर आडवी झाली. "जराशी टेकते." चहाच्या वेळेले मी आवाज दिला, मग हालवलं. डॉक्टर आले, म्हणाले झोपेतच गेल्या. आम्हाले मूलबाळ नाही, म्हणून अग्नी मीच दिला. माणसं एवढी आली की घाटावर उभं राहाले जागा नव्हती. सगळी माझ्या धोतरातली. नित्या मातर दिसला नाही. मले वाटलं, ऑटो घेऊन कुठं भाड्यानं गेला असंन.

सकाळी जाग आली. माझा पुतण्या दिलीप सोबतीले राहिला होता, तो मागच्या अंगणात झोपला होता. मी बसून राहिलो. समोर बादली तशीच, तिनं भिजत टाकलेले तुकडे पाण्यात. उशाशी अर्धं धोतर. माझ्या मनात एवढंच होतं, की आता कोणी उठवू नये, जेवा म्हणू नये, काही म्हणू नये.

फाटक वाजलं. मी ओसरीवर येऊन बसलो. सिंधू होती. आत येईना.

"काकाजी," तिनं बाहेरूनच म्हटलं, "काल तुमच्या घरी असं झालं अन् इकडं पायलले कळा लागल्या. घाटावर कोणाले येता आलं नाही. मोकळी झाली ती पहाटे. पोरगी झाली."

"लाभ," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

सिंधूनं तोंडात पदर कोंबला. मग म्हणाली, "सिस्टर जुनं सुती कापड मागून राहिली. ते बदकांचं घातलं होतं, पोरीचं आंग लाल लाल झालं, रडून राहिली, थांबतच नाही. मी घरी आली धावत. सगळं घर उलथं केलं काकाजी, एक सुती चिंधी नाही. माझी नायटीसुद्धा ते चमकणारं, निसरडं." तिची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली, बादलीकडं, खाटेकडं. पाय मातर तिथंच.

"ये आत. आहे कापड."

"सुतक आहे नं घरात." ती हळूच म्हणाली. "पायलचं एक गेलेलं आहे. मले भेव वाटते."

"नित्या कधी झाला वं?"

तिनं फाटक घट्ट धरलं. मग म्हणाली, "तवा बाई होती."

मी उठलो. अर्धं धोतर ओसरीवर आणलं. दात मले नाहीत, म्हणून कात्रीनं नखाएवढी चीर पाडली. एक टोक ओसरीच्या खांबाले बांधलं, दुसरं हातात धरून ओढलं. टर्र करून वीतभर गेलं अन् आडवं वळलं. दुसर्‍या बाजूनं धरलं. तेही आडवं. सिंधू फाटकाले धरून पाहत होती.

"वाकडं जाऊन राहिलं, काकाजी."

"एकट्यानं वाकडंच जाते."

मी पुन्हा धरलं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. सिंधूनं दारात चप्पल काढली. जराशी थांबली त्या चपलेजवळ. मग वर आली, खांबाची गाठ सोडली अन् टोक हातात घेऊन माझ्यासमोर बसली.

ओढता ओढता म्हणाली, "मी नित्याच्या वेळी माझ्या बापाचं धोतर आणलं होतं. चांगलं मऊ होतं. बाईनं नाही घेतलं."

"तिले घमेंड होती."

"घमेंड?" सिंधूनं हात थांबवले. "तुम्हाले कधी सांगितलं नाही तिनं? मले म्हणे, तुझा बाप रागीट आहे वं पोरी, त्याच्या कापडात लेकरू दचकन. म्हणे, आमच्या यायनं जन्मात कोणावर आवाज नाही चढवला. असा माणूस वर्षभर ज्या कापडात राहिला, त्याच्यात लेकरू निवांत झोपते. सगळ्या बायाले सांगे ती. पूर्‍या वस्तीले माहीत आहे काकाजी."

मी धोतराचा काठ पाहत राहिलो.

"ओढा," सिंधू म्हणाली.

ओढलं. सरळ गेलं.

"लाभ," मी म्हटलं. मग दोन. मग तीन.

मी गॅस पेटवला, मोठ्या पातेल्यात सगळे तुकडे टाकले, बादलीतले अन् आत्ताचे. उकळीच्या आवाजानं दिलीप जागा झाला. "काका! सुतकात चूल कायले पेटवली? अन् हे काय शिजवून राहिले?" त्यानं झाकण उचलून पाहिलं अन् माझ्याकडं असं पाहिलं, जसा काका कामातून गेला.

मी बोलणार होतो. सिंधूच बोलली. पातेल्यात लाकडी चमचा फिरवत, मान वर न करता. "मरण घरात बसलंच आहे दिलीपभाऊ, ते कुठं जात नाही. पोर मातर आलं."

नागपूरचं ऊन. दोरीवर टाकले अन् चहा होईपर्यंत वाळले. सिंधूनं एकेक गालाले लावून पाहिला, घड्या केल्या. नित्या ऑटो घेऊन आला. उतरला, माझ्या पाया पडला, कापड घेतलं अन् गेला. जाताना सिंधू फाटकातून वळली.

"काकाजी, पलीकडच्या गल्लीतल्या कविताले दिवस गेले. बाईनं तिलेही सांगून ठेवलं होतं."

"बरं," मी म्हटलं.

दिलीपनं माझ्यासाठी पायजमा आणला होता, नवा, इस्त्रीचा. खाटेवर काढून ठेवला होता. मी आंघोळ केली. आत गेलो. खुंटीवर ते कोरं धोतर तिनं टांगलं तसंच टांगलेलं होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती. खाली घेतलं, झटकलं. खळीचा फटकार्‍यासारखा आवाज झाला.

नेसलो. मांडीले टोचलं. मग बाहेर जाऊन ओसरीवर एक पोतं टाकलं अन् त्याच्यावर बसलो.